देव आत ठेवण्याचे दिवस

स्कॉटलंडच्या पर्थशायरमध्ये ग्लेन लायन नावाची लांबच लांब दरी आहे. तिच्या एका आडफाट्यात, गाडीरस्ता संपल्यावर बरंच चालल्यावर, लहानसं दगडी घरकुल लागतं. लहान म्हणजे किती, तर मुलांनी खेळात रचलं असावं इतकं. आत दगडांचं एक कुटुंब राहतं. नदीच्या पात्रात घासून घासून गुळगुळीत झालेले, कमरेशी बारीक असलेले हे दगड. सगळ्यात मोठा दगड म्हणजे कॅल्याख, म्हातारी. मग बोडाख, तिचा म्हातारा. मग मुलगी आणि बाकीची लेकरं. उन्हाळ्याच्या तोंडावर, मे महिन्याच्या आरंभी, रानातला राखणदार नाहीतर मेंढपाळ त्यांना बाहेर काढून दरीकडे तोंड करून बसवतो. नोव्हेंबर लागला की पुन्हा आत ठेवतो आणि दार लिंपून टाकतो. ही चाल किती जुनी याबद्दल पुष्कळ बोललं जातं. मी त्यात पडत नाही. दार लिंपण्यात मला जास्त रस आहे.

ही हकिकत पहिल्यांदा ऐकली तेव्हा मी मनातल्या मनात पंचांग चाळलं. नोव्हेंबरचा आरंभ म्हणजे आपल्याकडे कार्तिकीचा सुमार. आषाढीला निजलेले देव तेव्हा उठतात, तुळशीची लग्नं लागतात, अडलेली कार्यं सुरू होतात. आपले देव उठतात त्या सुमाराला तिकडचे आत जातात. आपला चातुर्मास पावसाचा. वाटा चिखलाच्या, नद्या दुथडी, संन्याशांनीसुद्धा एका गावी मुक्काम करायचा. म्हणून नेम, पोथ्या, कहाण्या, कांदेनवमीला पोटभर खाऊन मग सोडलेला कांदा. तिकडचा चातुर्मास अंधाराचा. उत्तरेतला हिवाळा आणि त्या हिवाळ्यात आजचे पेगन लोक काय करतात हे समजून घ्यायला मराठी माणूस आधी संक्रांतीकडे वळतो. मला वाटतं त्याने चातुर्मासाकडे वळावं. हे पुस्तक त्या एका सुचण्यातून निघालं.

अंधार म्हणजे किती, हे आकड्यांत सांगितल्याशिवाय कळत नाही. मुंबईत वर्षातला सगळ्यात छोटा दिवसही जवळजवळ अकरा तासांचा असतो. लंडनमध्ये तो आठ तासांचाही नसतो. ऑर्कनी बेटांवर सहा तासांच्या थोडा वर, आइसलंडच्या रेक्याविकमध्ये चारच्या आसपास. आणि तेही आभाळ मोकळं असलं तर. मी इंग्लंडच्या नैर्ऋत्येला राहते. इथे डिसेंबरात दिवस म्हणजे दोन काळोखांच्या मधली राखाडी फट. शाळेतून मुलं येतात तेव्हा रस्त्यावरचे दिवे लागलेले असतात. पहिल्या वर्षी मला वाटलं, आपण आजारी पडलोय. आजारी नव्हते, अक्षांश बदलला होता.

आता ‘पेगन’ या शब्दाबद्दल. आपल्या कोशांत त्याला ‘मूर्तिपूजक’ असा प्रतिशब्द सापडतो आणि तो बहुतेक ठिकाणी चुकतो, कारण आजच्या पेगनांपैकी पुष्कळांच्या घरी मूर्ती नसते आणि काहींना देवही नको असतो. लॅटिनमध्ये ‘पागानुस’ म्हणजे खेड्यातला माणूस. ख्रिस्ती धर्म रोमच्या शहरांत पसरला तेव्हा जुन्या देवांना धरून राहिलेल्यांसाठी हा शब्द वापरात आला. त्यातला शहरी तुच्छतेचा सूर मराठीत आणायचा तर ‘गावंढळ’ हा शब्द जवळचा. विसाव्या शतकात काही लोकांनी तोच शब्द उचलून स्वतःच्या छातीवर लावला. गंमत अशी की हे लोक बहुतांशी शहरांत राहणारे, नोकऱ्या करणारे, भाड्याच्या घरातले. २०२१ च्या जनगणनेत इंग्लंड आणि वेल्समध्ये सुमारे ७४,००० लोकांनी आपला धर्म ‘पेगन’ असा लिहिला, आणखी १३,००० जणांनी ‘विक्का’. दहा वर्षांपूर्वी पेगन ५७,००० होते. लाखालाही न पोचणारा हा समाज. त्याला एक ग्रंथ नाही, एक पीठ नाही, आणि दोन पेगन भेटले की तीन मतं असतात.

या लोकांचा हिवाळा प्राचीन आहे, असं तुम्हाला सांगितलं जाईल. पर्यटनाच्या माहितीपत्रकात, मेणबत्त्या विकणाऱ्या दुकानात, कधी पेगनांच्याच तोंडून. तसं नाही. आणि तसं नाही हे सांगायला मी एवढी पानं लिहिते आहे असंही नाही. पण ते आधी निस्तरून घेतलं पाहिजे.

इंग्लंडात १७३५ सालचा चेटूकविरोधी कायदा १९५१ पर्यंत पुस्तकात होता. तो रद्द झाल्यावर तीन वर्षांनी, १९५४ मध्ये, जेराल्ड गार्डनर नावाच्या निवृत्त माणसाचं ‘विचक्राफ्ट टुडे’ हे पुस्तक आलं. गार्डनरचं उमेदीचं आयुष्य आशियात गेलं होतं: आधी सिलोनच्या चहाच्या मळ्यात, मग मलायात रबराच्या मळ्यांवर आणि जकात खात्यात. मलायी खंजिरांवर त्याने १९३६ साली एक अभ्यासपूर्ण पुस्तकही लिहिलं होतं. जुना चेटकीधर्म अजून जिवंत आहे आणि त्यात मला दीक्षा मिळाली आहे, असं त्याचं म्हणणं. इतिहासकारांना हे म्हणणं पटत नाही; जुन्या तुकड्यांतून त्याने आणि त्याच्या सोबत्यांनी नवा धर्म शिवला, असं ते म्हणतात. विक्का तो हाच.

त्यातला हिवाळ्याचा एक प्रसंग मला फार आवडतो. १९५३ चा डिसेंबर. मकरायनाची, म्हणजे वर्षातली सगळ्यात लांब रात्र जवळ आलेली, विधी त्याच संध्याकाळी. दुपारच्या जेवणानंतर गार्डनरने डोरीन व्हॅलिएंटे या नव्या, पण शब्दांवर हुकमत असलेल्या शिष्येला सांगितलं, की रात्रीसाठी काहीतरी लिही. तिने त्याच्या कपाटातली पुस्तकं चाळली, अलेक्झांडर कारमायकलने जमवलेल्या स्कॉटिश गेलिक प्रार्थनांच्या संग्रहाचा आधार घेतला आणि संध्याकाळपर्यंत एक आवाहन उभं केलं. आज जगभरच्या विक्कन मंडळ्यांत ते आवाहन म्हटलं जातं, आणि अनेकांना ते हजारो वर्षांचं वाटतं. आपल्याकडेही आरत्यांचं असंच होतं, एवढं म्हणून पुढे जाते.

वर्षाचं ते प्रसिद्ध चक्र, आठ आऱ्यांचं, तेही तितकंच नवं. चार आरे गेलिक पंचांगातले: ३१ ऑक्टोबरच्या रात्रीचा साविन, फेब्रुवारीच्या आरंभीचा इंबोल्क, मग बेल्टेन आणि लुनासा. उरलेले चार सूर्याचे: दोन अयनं, दोन संपात. हे आठही सण एका रांगेत आणि बरोबरीच्या मानाने साजरे झाल्याचा पुरावा कुठल्याच प्राचीन समाजात नाही. हर्टफर्डशायरमधल्या ब्रिकेट वुड इथल्या गार्डनरच्या मंडळीने १९५८ मध्ये मागणी केली, की अयनं-संपातांनाही पूर्ण सणाचा दर्जा द्या, आणि गार्डनरने ती मान्य केली. त्याचा मित्र रॉस निकल्स ड्रुइड परंपरेचा, केल्टांच्या प्राचीन पुरोहितांचा वारसा सांगणारी ती. त्याने १९६४ मध्ये स्वतःचा ड्रुइड संघ काढला आणि तिकडेही तेच आठ सण रुजले. म्हणजे आपल्याकडे संयुक्त महाराष्ट्राची चळवळ ऐन भरात होती, त्याच सुमाराला तिकडे हे ‘सनातन’ कालचक्र ठरत होतं.

हे सगळं ज्याने सगळ्यात नीट उकललं तो इतिहासकार रॉनल्ड हटन, ब्रिस्टल विद्यापीठातला. त्याचा जन्म १९५३ साली आपल्या उटीत झाला, ही जाता जाता सांगायची गोष्ट. ‘द स्टेशन्स ऑफ द सन’ आणि ‘द ट्रायम्फ ऑफ द मून’ या त्याच्या पुस्तकांनी एकेक दावा तपासला. साविन हे केल्टांचं नववर्ष, हा समज जॉन ऱ्हीस या विद्वानाने एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रूढ केला. जुना भक्कम पुरावा नाही. हिवाळ्यात राज्य करणारा होली राजा आणि उन्हाळ्यातला ओक राजा यांच्या झुंजीचं बीज कवी रॉबर्ट ग्रेव्हजच्या १९४८ च्या पुस्तकात आहे. मकरायनाच्या सणाचा ‘युल’ हा शब्द मात्र खरा जुना. इसवी सन ७२५ मध्ये बीड नावाच्या भिक्षूने इंग्रजांच्या जुन्या महिन्यांची नावं लिहून ठेवली, त्यात युल आहे आणि हिवाळ्यातल्या ‘मातांच्या रात्री’चा उल्लेखही. त्या रात्री काय करत, हे त्याने लिहिलं नाही. एक नाव, एक रात्र, पुढे कोरं पान.

या उलगड्याने पेगन समाज मोडेल असं बाहेरच्यांना वाटलं होतं. तो मोडला नाही. काही जण चिडले, पण पुष्कळांनी हटनची पुस्तकं घरी आणून वाचली आणि त्याला मेळाव्यांत भाषणाला बोलावलं. मला इथेच या लोकांबद्दल पहिल्यांदा आदर वाटला. आपला सण आपल्या आजोबांच्या पिढीत कुणीतरी दुपारी बसून लिहिला, हे ठाऊक असूनही संध्याकाळी तो मन लावून करायचा, ही साधी गोष्ट नाही. आपल्याला आजी सांगते म्हणून आपण करतो. त्यांना सांगणारी आजी नाही. म्हणून त्यांना बघावं लागतं.

बघावं लागतं, हे अक्षरशः. माझी शेजारीण निवृत्त परिचारिका आहे, ड्रुइड आहे, आणि तिच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत एक फळी आहे. देव्हारा म्हणावा तर देव नाहीत. साविनला त्या फळीवर गेलेल्या माणसांचे फोटो येतात आणि त्या रात्री जेवणाच्या मेजावर एक पान जास्त मांडलं जातं. जेवण होईस्तोवर कुणी बोलत नाही. पुढचे सात आठवडे फळीवरून एकेक वस्तू कमी होत जाते. मी पहिल्यांदा विचारलं, की सजावट का नाही? ती म्हणाली, “बाहेर काय उरलंय ते बघ ना.” त्या काळात आठवड्यातल्या एका संध्याकाळी ती विजेचा दिवा लावत नाही. हा तिचा नेम. कुठल्या पोथीत सांगितलेला नाही, तिनेच ठरवला, आणि गेली कित्येक वर्षं मोडलेला नाही. तिची नोंदवही आहे: सूर्य कुठल्या चिमणीमागे मावळला, कधी मावळला. तिच्याकडूनच मला कळलं, की सगळ्यात लवकरचा सूर्यास्त मकरायनाच्या दिवशी होत नाही. लंडनच्या अक्षांशावर तो आठवडाभर आधीच, १२ डिसेंबरच्या सुमारास होऊन जातो. सगळ्यात उशिराचा सूर्योदय मात्र डिसेंबर सरता सरता येतो. संध्याकाळ आधी सुधारते, सकाळ नंतर. शाळेत भूगोल शिकूनही मला हे ठाऊक नव्हतं.

मकरायनाची रात्र, म्हणजे २१ किंवा २२ डिसेंबर. काही घरं रात्रभर जागतात. सगळे दिवे मालवायचे, अंधारात बराच वेळ बसायचं, मग एक ज्योत लावायची आणि तिच्यावरून बाकीच्या. युलचा ओंडका गेल्या वर्षीच्या राखून ठेवलेल्या ढलपीने पेटवायचा, अशी चाल. पण भाड्याच्या घरात चूल कुठली? म्हणून ओंडक्याला तीन भोकं पाडून त्यात मेणबत्त्या बसवतात. शेजारणीकडे एका वर्षी धुराची घंटा वाजली आणि तिने खुर्चीवर चढून टॉवेलने वारा घातला, तोंडाने मंत्र चालूच. मला सत्यनारायणाच्या पूजेत होमाच्या धुराने खोकणारे गुरुजी आठवले.

याच दिवसांत स्टोनहेंजला गर्दी होते. पहाटे, थंडीत, सूर्य उगवताना. हजारो वर्षांपूर्वी ते दगड उभे करणाऱ्यांनी त्यांची मुख्य रेषा आखली ती उन्हाळ्यातल्या सूर्योदयाकडे आणि तिच्या नेमक्या उलट टोकाला, हिवाळ्यातल्या सूर्यास्ताकडे. जवळच्या ड्यूरिंग्टन वॉल्समध्ये डुकरांची असंख्य हाडं सापडली. दातांवरून पुष्कळशी डुकरं नऊ महिन्यांच्या आसपासची होती, म्हणजे वसंतात जन्मलेली आणि मध्यहिवाळ्यात मारलेली. तेव्हाचे लोक बहुधा मावळतीला जमत होते. आजची गर्दी सकाळी जमते आणि दुपारी बस पकडते. पेगनांना हे माहीत आहे. काही जण पहाटेचा सोहळा उरकून संध्याकाळसाठी मुद्दाम कुठेतरी उंचावर जातात. पण वर्षाच्या त्या टप्प्यावर माणसाला उगवतीच हवी असते, मावळती नको असते. मी त्यांना दोष देत नाही.

आयर्लंडमधल्या न्यूग्रेंजची गोष्ट निराळी, आणि मला विचाराल तर जास्त मोठी. इसवी सनापूर्वी ३२०० च्या सुमाराचा हा समाधीचा टेकडा. आत एकोणीस मीटरचा चिंचोळा बोळ आणि शेवटी दगडी खोली. मायकेल ओकेली हा पुरातत्त्वज्ञ तिथे उत्खनन करत असताना दाराच्या वर एक दगडी झरोका सापडला. सूर्य आतपर्यंत येतो असं गावकरी सांगत, पण ती स्टोनहेंजची गोष्ट इकडे चिकटली असावी असं त्याला वाटे. तरी २१ डिसेंबर १९६७ च्या पहाटे तो आत एकटा जाऊन बसला. सूर्य उगवला आणि उन्हाची सुरी झरोक्यातून बोळाच्या टोकापर्यंत आली. सुमारे सतरा मिनिटं खोली उजळून निघाली, मग पुन्हा अंधार. हे बांधणारे ड्रुइड नव्हते. ड्रुइडांच्या अडीच-तीन हजार वर्षं आधीचे. त्यांच्या देवांची नावं कुणालाच माहीत नाहीत. आज आत बसायला सोडत निघते, एकेका वर्षी तीस हजारांच्या आसपास अर्ज येतात आणि जागा मोजक्या. आणि नंबर लागूनही ढग आले तर काहीच दिसत नाही. तसं झालेला एक जण मला भेटला होता. “अंधार छान होता,” एवढंच म्हणाला.

इथे मराठी वाचकाला टिळक आठवतील. आठवलेच पाहिजेत. उत्तरेच्या दीर्घ रात्रीची आणि लांबलेल्या पहाटेची कल्पना आपल्याकडे विचारात आणली ती १९०३ च्या त्यांच्या ‘द आर्क्टिक होम इन द वेदाज’ने. त्यांचा सिद्धान्त आज कुणी धरत नाही. पण वेदांतल्या उषेच्या सूक्तांत इतकी आतुरता का, हा त्यांना पडलेला प्रश्न इथल्या जानेवारीत मला रोज सकाळी पडतो. त्याच्या दहा वर्षं आधीच्या ‘ओरायन’मध्ये तर ते संपातांच्या सरकण्याचाच हिशोब मांडत होते. हे सरकणं आपल्या संक्रांतीत रोकडं दिसतं. उत्तरायण खरं सुरू होतं ते २१-२२ डिसेंबरला. आपण तीळगूळ वाटतो १४-१५ जानेवारीला. टिळक पंचांग पाळणारी मोजकी घरं संक्रांत १० जानेवारीच्या सुमारास धरतात, तरी तीसुद्धा आकाशाच्या मागेच. याचा अर्थ आपली संक्रांत खोटी, असा नाही. ती ताऱ्यांची आहे, सुगडांची आहे, हळदीकुंकवाची आहे. मात्र सूर्य नेमका कधी वळला, हे बघायला आपण अंगणात जात नाही, आणि शेजारीण जाते.

यावरून ‘म्हणजे हे लोक मूळचे आपलेच’ असा निष्कर्ष काढणारे सद्गृहस्थ मला लंडनच्या दोन-तीन कार्यक्रमांत भेटले आहेत. त्यांना माझं सांगणं असं, की थोडं थांबा. अग्नी, वृक्ष, पितर, ऋतू ही माणसाची समाईक इस्टेट आहे. तिच्यावर एका घराण्याचा सातबारा निघत नाही. शिवाय पेगनांतही एक मत नाही. आइसलंडमध्ये स्वेनब्यॉर्न बेन्टेन्सन या शेतकरी-कवीने १९७२ मध्ये आसात्रू मंडळ काढलं, सरकारने पुढच्या वर्षी मान्यता दिली आणि आज त्याचे पाच हजारांहून जास्त सभासद आहेत. त्यांतले बरेच जण ओदिन-थोर खरोखर आहेत असं मानत नाहीत, कथा म्हणून त्यांना धरतात. लिथुआनियातल्या रोमुवा या पेगन पंथाला मात्र जुन्या लोकगीतांच्या अखंड धाग्याचा अभिमान. त्यांना राज्याची मान्यता मिळायला २०२४ चा डिसेंबर उजाडावा लागला. या दोघांना एका पाटावर बसवणं कठीण, तिथे आपण कुठे मध्ये बसणार?

पेगन हिवाळ्याचा सगळ्यात अवघड भाग युल नव्हे, जानेवारी. सण झालेला, पाहुणे गेलेले, प्रकाश वाढतोय पण अंगाला जाणवत नाही, थंडी उलट वाढते. सॉमरसेटमधल्या कारहॅम्प्टनसारख्या गावात १७ जानेवारीला सफरचंदाच्या झाडांपाशी जमून मुळांशी सायडर ओततात, फांद्यांत भाजलेला पाव ठेवतात, बंदुकीचे बार काढतात. तारीख १७, कारण १७५२ मध्ये पंचांग बदलून अकरा दिवस गाळले ते या झाडांनी मान्य केलं नाही. ही चाल पेगनांची नाही, गावाची आहे. पेगन मागच्या रांगेत उभे राहतात आणि सगळ्यात मोठ्याने गातात.

मग येतो इंबोल्क. ब्रिगिडचा दिवस, जी देवी होती की संत की दोन्ही, यावर किल्डेअरमध्ये भांडण होत नाही. तिथल्या जोगिणींनी १९९३ मध्ये तिची ज्योत पुन्हा पेटवली आणि पेगनही तिथे नमस्काराला येतात. लव्हाळ्याचे क्रूस विणतात. मेंढ्यांना दूध उतरतं. आणि स्नोड्रॉप फुलतो, बर्फातून डोकं काढणारं पांढरं फूल, जे या सणाचं चिन्ह होऊन बसलं आहे. ते फूल इथलं नव्हे, काही शतकांपूर्वी युरोपातून बागांत आणलेलं आहे. मला ते कळलं तेव्हा फार बरं वाटलं. ग्लेन लायनची कॅल्याख मात्र सहज सोडत नाही. म्हणतात, या दिवशी ती सरपण गोळा करायला बाहेर पडते. लख्ख ऊन असेल तर तिला भरपूर लाकूड मिळतं आणि हिवाळा लांबतो. म्हणून इंबोल्कला पाऊस पडला की लोक खूश होतात. ब्रिटनमध्ये पावसाने खूश होण्याचा हा बहुधा एकमेव दिवस.

उच्चारांबद्दल थोडं. गेलिक शब्द रोमन लिपीत जसे दिसतात तसे मुळीच वाचायचे नसतात. मी कानाला ऐकू आले तसे देवनागरीत लिहिले आहेत, आणि देवनागरीने इंग्रजीपेक्षा बरी साथ दिली आहे. ‘साविन’ ऐकून कुणाला श्रावण आठवला तर हरकत नाही, नातं मात्र जोडू नये. शेजारणीचं नाव तिच्याच सांगण्यावरून गाळलं आहे. हस्तलिखित तिला वाचून दाखवलं तेव्हा तिने एकच दुरुस्ती सुचवली: चिमणी पूर्वेकडच्या घराची लिहिली होती, ती पश्चिमेची.

पहिलं प्रकरण ३१ ऑक्टोबरला सुरू होतं. घड्याळं नुकतीच एक तास मागे गेलेली असतात. संध्याकाळचे साडेचार वाजलेत, शेजारणीच्या खिडकीतल्या फळीवर सात फोटो आहेत, आणि ती आठव्यासाठी जागा करते आहे.